सात लाख वीस हजार सातशे वीस

गुरुवार, संध्याकाळ

आज सकाळी कासू स्टेशनवर रोह्याच्या गाडीची वाट बघत पुन्हा भागाकार केले. सात लाख वीस हजार सातशे वीस. एकपासून सोळापर्यंत कशानेही भागा, बाकी शून्य!

परवा आमच्या नामजप मंडळाच्या वर्षभराच्या जपाची वाटणी करताना, मंडळाची वही सांभाळणारे अण्णा यमुनावहिनींना म्हणाले, "एक लाख वीस हजाराचे बारा जणांत सरळ भाग पडलेत. तेरावी तुला कुठं घालू गो?" त्या हसून उठल्या. मी माझे दहा हजार लिहून घेतले. का?

ही संख्या सोळा जणांपर्यंत कुणालाच परत पाठवत नाही. देवाचीच वाटते.

आत्ता अण्णांना दाखवली.

"सहापट जप? जीभ झिजंल रे! तेरानं भाग जातो व्हय?"

"प्रत्येकी पंचावन्न हजार चारशे चाळीस."

त्यांनी दोनदा भागून पाहिलं. मग वही माझ्यापुढं सरकवली. तेरावं नाव मीच लिहिलं. यमुनावहिनी.