क्लच माझ्या पायाने गेला नाही

तीन वेळा क्लचचं पेडल माझ्या पायाखाली खाली बसलं ते वर आलंच नाही, आणि तिन्ही वेळा या घरातल्या शहाण्यांनी खापर फोडलं ते माझ्याच पायावर. म्हातारी क्लचवर पाय ठेवून गाडी चालवते म्हणे. अरे, चाळीस वर्षं पायाने शिलाई मशीन चालवली मी. कुठे दाबायचं, किती दाबायचं आणि कधी उचलायचं हे माझ्या पायाला यांच्या डोक्यापेक्षा जास्त कळतं. हे आधी लिहून टाकलं, नाहीतर पुढचं धड लिहून झालं नसतं.

प्रिय खटपट्या,

बरा आहेस ना? वेळेवर जेवतोस ना? झालं, विचारून झालं. आता नीट बसून वाच. फोनवरच बोलले असते, पण फोनवर तू 'आजी, रेंज नाही गं' म्हणतोस आणि सटकतोस. कागदाला रेंज लागत नाही.

तू सुट्टीला आलास तेव्हा गाडीचा क्लच घसरत होता हे खरं आहे. चढावर इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. मेकॅनिक म्हणाला, कंपनीचा माल मागवतो, पंधरा दिवस लागतील. तू म्हणालास, आजी, पंधरा दिवस कशाला, मी बाहेरचा मागवतो, परवा येतो, शर्यतीच्या गाड्यांना हाच बसवतात. मी काय शर्यतीत जाणार होते? मंगळवारी हॉस्पिटलच्या चादरी, उशांचे अभ्रे आणि ऑपरेशनचे झगे पोचवते मी, तेही तिसऱ्या गिअरच्या वर न जाता. पण खोकं आलं तेव्हा तुझा चेहरा असा काही फुलला होता की मी गप्प बसले. तेवढी चूक माझी. ती मी पदरात घेते. बाकीची घेणार नाही.

दोन दिवस तू शेडमध्ये गाडीखाली होतास. गिअरबॉक्स उतरवलास, माझी इस्त्रीची फळी टेकू म्हणून नेलीस ती काळी करून परत दिलीस. मी काही बोलले का? दुसऱ्या दिवशी दुपारी गिअरबॉक्स वर चढला, गाडी सुरू झाली, तुझी आई टाळ्या वाजवून आत गेली. संध्याकाळची तुझी बस होती. मी खिडकीशी काजं करत बसले होते, तेव्हा तू शेडच्या पायरीवर ते रिकामं खोकं मांडीवर घेऊन बराच वेळ बसलेला दिसलास. मग उठलास, खोक्याला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावलीस आणि वरच्या फळीवर ठेवून दिलंस. मी मनात म्हटलं, चला, पोरगं एकदाचं आवरायला शिकलं.

पहिल्यांदा पेडल गेलं ते आठव्या दिवशी, हॉस्पिटलच्या फाटकाच्या चढावर. मागे रुग्णवाहिका भोंगा वाजवतेय, पुढे फाटक बंद, आणि पेडल जमिनीला चिकटलेलं. चपलेच्या टोकाने वर उचललं तर ओल्या फडक्यासारखं पुन्हा खाली. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने आणि वॉचमनने ढकलून गाडी बाजूला लावली, आणि वॉचमन फुकटचा सल्ला देऊन मोकळा झाला, 'आजी, आता घरी बसा.' मी म्हटलं, मी घरी बसले तर तुझे पेशंट उघड्या गादीवर झोपतील, तू फाटक सांभाळ. मेकॅनिकने गाडी ओढून नेली. त्याची सवय तुला ठाऊक आहे, माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, बॉनेटशी बोलतो. बॉनेटला म्हणाला, खालच्या सिलिंडरने, म्हणजे तेलाच्या जोरावर क्लच ढकलतो त्याने, तेल सोडलंय, नवा घालतो. आणि मग हळूच, 'क्लचवर पाय ठेवून चालवता का हो?'

नवा सिलिंडर तीन आठवडे टिकला. दुसऱ्यांदा गेला तो चौकात, सिग्नलला, ऐन गर्दीत. पण या वेळी मी कोणाला ढकलू दिलं नाही. गाडी बंद केली, पहिला गिअर टाकला, तसाच स्टार्टर मारला. गाडी बेडकासारखी उड्या मारत निघाली, पण निघाली. पुढचे सिग्नल हिरवे सापडावेत म्हणून कुठे रेंगाळत, कुठे पळवत, क्लच न दाबता घरापर्यंत आणली. हे तुझ्या आजोबांनी शिकवलं होतं, ओरडून ओरडून. माणूस शिकवायला वाईट, पण शिकवलेलं टिकलं. मला वाटलं घरात कोणी शाबासकी देईल. तुझा बाप म्हणाला, आई, गाडीचं वाटोळं करशील अशाने.

मेकॅनिकने मग वरचाही सिलिंडर बदलला, खालचाही, मधला पाइपसुद्धा. आतली हवा काढायला मलाच सीटवर बसवलं. तो खालून ओरडतोय, दाबा, धरा, सोडा, आणि मी अर्धा तास दाबतेय, धरतेय, सोडतेय. त्याच दिवशी मी तुला फोन केला. सगळं ऐकून घेतलंस. मग इतका वेळ गप्प राहिलास की मला वाटलं फोन कटला. आणि विचारलंस काय, तर 'आजी, तू क्लचवर पाय तर ठेवत नाहीस ना गं?' तूसुद्धा! तुझी ती चुप्पी मी तेव्हा रेंजच्या खात्यावर टाकली.

तिसऱ्यांदा तुझा बाप शेजारी बसला होता, माझी परीक्षा घ्यायला. हॉस्पिटलच्या मागच्या अंगणात मी गाडी मागे घेत होते. थांबायला क्लच दाबला, तो खाली गेला आणि तिथेच राहिला, गाडी मागे जातच राहिली. ब्रेक दाबेपर्यंत भिंतीला लागली. मागचा दिवा फुटला, एका कुंडीचा चुरा झाला. एवढंच. पण त्याच भिंतीजवळून क्षणभर आधी कुबडी घेतलेली एक बाई गेली होती. तुझ्या बापाचा चेहरा पांढरा पडला. माझाही पडला असेल. त्याने चावी काढली, स्वतःच्या खिशात घातली आणि खाली उतरला. भांडायचं तोंड मला त्या दिवशी नव्हतं, कारण ती बाई माझ्याही डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

मात्र आपल्या पायाने होतंय की गाडीने, हे मला कळायलाच हवं होतं. पायाने होत असतं तर मी स्वतः चावी टाकून दिली असती. मेकॅनिककडून तिन्ही मेलेले खालचे सिलिंडर मागून आणले आणि कापड बेतायच्या टेबलावर ओळीने मांडले. आतली रबरं बघितली. एकही फाटलेलं नाही, एकही झिजलेलं नाही. तिन्ही नुसती सिलिंडरच्या तोंडातून बाहेर आलेली. दोरा एकाच जागी तीनदा तुटला तर दोरे बदलत बसायचं नसतं रे, सुई बघायची असते. मी मेकॅनिकला बोलावलं, चौथा सिलिंडर बसवून गाडीखाली झोपायला लावलं, हातात माझी टेप दिली आणि वरून क्लच दाबला. तो म्हणाला, सिलिंडरची दांडी फार बाहेर येतेय. ड्रॉवर हवा त्यापेक्षा जास्त ओढला की अख्खा हातात येतो ना, तसं. तू आत बसवलेला नवा क्लच जुन्यापेक्षा पातळ होता, म्हणून दांडीला जास्त पुढे यावं लागत होतं, आणि ती रबराला घेऊनच बाहेर पडत होती. मी विचारलं, यात पायाचा काय संबंध? तो बॉनेटला म्हणाला, काही नाही. मी म्हटलं, जरा मोठ्याने बोल, बॉनेटला ऐकू आलं नाही.

मग मी शेडच्या फळीवरचं तुझं ते खोकं उतरवलं. चिकटपट्टी कात्रीने कापली. आत, तळाशी, कागदात गुंडाळलेली एक लोखंडी चकती, बांगडीएवढी, तेलाचा डागही न लागलेली. बरोबर इंग्रजीतला माहितीचा कागद. मला इंग्रजी कुठलं येतंय, मी तो हॉस्पिटलच्या औषधवाल्याकडे नेला. त्याने वाचून सांगितलं, तुमच्या गाडीला ही चकती आत बसवल्याशिवाय क्लच वापरूच नका, असं ठळक छापलंय. आणि चकतीच्या चित्राभोवती पेन्सिलने गोल केलेला होता. गोलाशेजारी एक प्रश्नचिन्ह. औषधवाला म्हणाला, ही खूण तुम्ही केलीत का? मी म्हटलं, हो.

खटपट्या, तुझी पेन्सिल मला ओळखू येते. तू कुठला तरी व्हिडिओ बघून क्लच बसवलास, त्यात चकती नव्हती. गिअरबॉक्स वर चढल्यावर ती खोक्यात सापडली. पुन्हा उतरवायचा तर आणखी एक दिवस गेला असता, आणि तुझी बस होती. एवढं मी समजू शकते. मी पण एकदा पन्नास झग्यांना उलट्या बाजूने नाड्या लावल्या आहेत. पण मी त्या रात्रभर बसून उसवल्या. तू चिकटपट्टी लावलीस. तीही एकवेळ सोडते. फोनवर तुला सगळं कळलं होतं, आणि तू माझा पाय पुढे केलास, ते सोडत नाही.

मेकॅनिकने गिअरबॉक्स उतरवून चकती बसवली, क्लचची कमी पडलेली जाडी भरून निघाली. पाच आठवडे झाले, तेलाचा थेंब गळलेला नाही. पण चावी अजून तुझ्या बापाच्या कपाटात आहे. चकती राहिली होती हे त्याला सांगितलं, तर म्हणाला काय, 'पोरगा असलं विसरणारा नाही, आईनेच आवरताना कुठेतरी टाकली असेल.' मेकॅनिकने माझी बाजू घेतली, तर म्हणे तो म्हातारीचं मन राखतोय. मंगळवारी तोच मला नेतो, रजा मिळाली तर. नाही मिळाली तर गठ्ठे दारात पडून राहतात. दोनदा उशीर झाला. हॉस्पिटलच्या मेट्रनने परवा गोड आवाजात विचारलं, आजी, झेपत नसेल तर दुसऱ्या कोणाला देऊ का काम? पुढच्या मंगळवारपर्यंत सांगते म्हटलंय. काम गेलं तर मी काय करू, दिवसभर तुझ्या आईच्या मालिका बघू?

तो कागद तुझ्या बापासमोर धरला असता तर चावी त्याच मिनिटाला हातात आली असती. पाच आठवडे तो माझ्या सुयांच्या डब्यात होता, आणि रोज एकदा तरी हात शिवशिवला. पण मग तू पकडला गेलेला पोरगा झाला असतास, आणि तुझ्या बापाने ते जन्मभर काढलं असतं, त्याचा स्वभाव मी घडवलाय, मला माहीत आहे. म्हणून तो कागद या पाकिटात घातला आहे. नीट बघ, तोच आहे, नक्कल नाही. आता माझ्याकडे दाखवायला काही नाही, आणि मी कोणाला काही सांगणारही नाही. फाडलास तरी कोणाला कळायचं नाही. मला उत्तर पाठवू नकोस, माफीबिफी तर मुळीच नको. तुझ्या आईला फोन करून मध्ये घालायचं नाही, मेकॅनिकलाही नाही. मंगळवारच्या आत, तुझ्या बापाला, तू स्वतः लिहायचंस.

तुझीच,
दोन्ही पाय शाबूत असलेली आजी