रंगून ते कलकत्ता, चार तास

१३ डिसेंबर १९४१, बेळगाव

केशवची तार! रंगून सोडतोय. गुरुवारी, अठराला, कलकत्त्याच्या विमानात जागा मिळालीय. लढाई सुरू झाल्यापासून बोटींना ही गर्दी, त्यात विमान मिळालं म्हणजे पोराचं नशीबच.

शाळेतला नकाशा घरी आणला. वर्गात लावतो तसा दोरा लावून मोजलं. साडेसहाशे मैल! बोटीला तीन दिवस, विमानाला चार तास. रुक्मा म्हणते, "अहो, सर्व्हिस मोटारीनं निपाणीला जाऊन यायला तेवढे लागतात की!" दिवसभर हसत होती.

१५ डिसेंबर

पंचांग उघडलं आणि धस्स झालं. अठराला अमावास्या!

पोरांना चंद्राच्या कला शिकवणारा मी. पण आमच्या घरातलं कुणी आजवर अमावास्येला गावाला निघालेलं नाही — आणि हा समुद्रावरून येणार!

तार केली. "अमावास्या. निघू नकोस. पुढल्या विमानाने ये." रुक्माला बोललो नाही. "येऊ दे की पोराला," म्हणाली असती.

१८ डिसेंबर

आज निघाला नसेल. बरं वाटलं.

२५ डिसेंबर

मंगळवारी रंगूनवर बॉम्ब पडले. पेपरात आलंय. रुक्मा सारखी विचारते, "कलकत्त्याला उतरून आठवडा झाला, तार कशी नाही हो त्याची?" काय सांगू तिला! मी, त्याच्या बापानं, त्याला तिथं अडकवलं. चार तासांचं तर काम होतं!

२० फेब्रुवारी १९४२

पत्र नाही, काही नाही. आमच्या शाळेचा शिपाई आण्णाप्पा, येळ्ळूरचा, मधल्या सुट्टीत जवळ येऊन बसला. "मास्तर, लई लोक डोंगरातनं चालत यायलेत म्हनं. तुमचं पोरगं खमकं हाय. यील बघा." मान डोलावली. भूगोलाच्या तासाला नकाशावर दोरा धरवेना. पोरांना कविता पाठ करायला लावली.

२ मे

केशव आला! आला!

नुसती हाडं राहिलीत. पायांना चिंध्या बांधलेल्या. जंगलातून किती दिवस चालला ते त्यालाही सांगता येत नाही. जेवताना रुक्मानं विचारलंच — "विमान कसं रं चुकलं?" माझा घास हातातच राहिला.

"झोपलो गं आई. जाग आली तोवर विमान गेलतं."

"कुंभकर्ण कुठला!" म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली.

म्हणजे माझी तार त्याला पोचलीच नव्हती! चार महिने उगाच जीव जाळला. देवा, सुटलो.

३ मे

रुक्मानं त्याचा कोट धुवायला काढला. खिसे मी रिकामे केले. आतल्या खिशात मेणकापडाची पुडी होती. तिच्यात अठरा तारखेचं तिकीट — आणि माझी तार, फोडलेली.

वर बघितलं तर केशव दारात. "आप्पा, आईला नको सांगू," एवढंच म्हणाला.