वर्षाची चटणी आणि हॉलिससाहेबांचा गळा

६ फेब्रु. २०१७, सोम. अझैबा, मस्कत.

पूजेला बसले की समोरच्या फ्लॅटमधून डक्टवाटे "आ… ई… आ…" सुरू. हॉलिससाहेब. (पुढं नुसतं हॉ. लिहीन.) पहिल्या वर्षी चिडायचे. आता त्यांचा आवाज चौथ्यांदा वर गेला की उदबत्ती लावायची, असं बसूनच गेलंय.

मृणू दप्तर भरता भरता म्हणाली, "आई, अंकल आज हाय ए लागले. क्लीन." मला त्यातलं काही कळत नाही. वर गेले ते कळलं. उतरले तेही न धडपडता.

१५ फेब्रु., बुध.

बुधवार, म्हणजे हॉ. जेवायला. मृणूला गाणं शिकवतात, फी घेत नाहीत, म्हणून आठवड्यातून एकदा आमच्याकडं वरण-भात, तूप, बटाट्याची पांढरी भाजी. ताटात मिरची दिसली तर खुर्ची मागं सरकवतात. गळ्याला इतकं जपणारा माणूस पाहिला नाही. बाहेर पडताना मार्चमध्येसुद्धा मफलर असतो म्हणे. मस्कतमध्ये.

आज यांनी विचारलं, "गाण्याकडं कसे वळलात?" मृणू मध्ये मध्ये सांगत होती, तिचं मराठी अडखळतं, पण कळलं ते असं. इंग्लंडात वर कुठं तरी कापडगिरण्यांचं गाव. वडील मागावर. मागाच्या खडखडाटानं ते बहिरे झाले, मुलगा गायला लागला तेव्हा त्यांना काही ऐकूच येत नव्हतं. तरी पहिल्या रांगेत येऊन बसायचे आणि तोंडाकडं बघायचे. (आमचे इचलकरंजीचे भाऊजी आठवले. साध्या गोष्टीसुद्धा ओरडून सांगतात.)

हॉ. पोस्टात चिकटले होते. रात्रीचं गाणं शिकले. पाच वेळा परीक्षेत नापास होऊन सहाव्यांदा ऑपेराच्या कोरसमध्ये घेतलं. मग जर्मनीत एका लहान शहरात नऊ वर्षं मुख्य गायक. आवाज टेनर, त्यातला लिरिक. म्हणजे हलका, गोड. राजे आणि लढणारे लोक दुसऱ्यांना, साहेबांच्या वाट्याला प्रेमात पडलेली पोरं. "पंचेचाळीसचा झालो तरी स्टेजवर मी बावीसचाच," म्हणाले. हे म्हणाले, "आमच्या ऑफिसात असे चार आहेत." हॉ. खूप हसले. हसतानाही गळ्यावर हात.

३ मार्च, शुक्र.

साहेबांचं ठरलं. १७ तारखेला संध्या. ७ वा. कुरुमला एका हॉलमध्ये त्यांचं गाणं. साठ माणसं. चार वर्षांत पहिल्यांदा लोकांसमोर. बायको इथं शाळेत शिकवायची, तिच्या नोकरीमुळं आले होते. ती वारल्यावर कार्यक्रम बंद केले होते, घरचा रियाज तेवढा ठेवला. मदिनत सुलतान काबूस भागातला व्हिला सोडून आमच्या समोर आले ते तेव्हाच.

जिन्यात भेटले. म्हणाले, "मिसेस पाटणकर, ही माझी शेवटची परीक्षा." जमलं तर इथंच राहून गाण्याचा क्लास काढणार. नाही जमलं तर पियानो विकून इंग्लंडला बहिणीकडं. मृणूचं तोंड उतरलं. मी म्हटलं, जमेल, इन्शाल्ला. माझ्या तोंडून हे कसं आलं कोण जाणे. दोघंही हसले.

११ मार्च, शनि.

देसाईवहिनी कराडहून आल्या. माझ्या मिरच्या आणल्या, तीन किलो, ब्याडगी नि संकेश्वरी. पण बॅगेत कशाची तरी ओल लागलीय. देठापाशी पांढरं दिसतंय. उन्हात घालावं तर गच्चीला कुलूप, वॉचमन ऐकत नाही. लवकर भाजून वर्षाची चटणी करून टाकायला हवी. रूवीचा चक्कीवाला मिरची फक्त शनिवारी सकाळी दळतो, नंतर चक्की धुतो. म्हणजे आता पुढचा शनि. १८.

१३ मार्च, सोम.

हॉ. दारात आले, हॅट हातात. एक मागणं आहे म्हणाले. त्यांचं स्वैपाकघर नि आमचं, दोन्हींच्या खिडक्या एकाच डक्टवर. शुक्रवारपर्यंत मिरची जाळू नका. मृणू म्हणाली, "जाळू म्हणजे आई, भाजणं, तळणं, एनीथिंग."

त्यांनीच कारण सांगितलं. सेहेचाळिसाव्या वर्षी घसा बसलेला असताना एकदा गायले. तिकिटं विकली गेली होती, नाही म्हणवलं नाही. त्या रात्री वरचे दोन सूर गेले ते परत आले नाहीत. जर्मनीची नोकरी त्यावरच संपली.

मी म्हटलं, "नो चिली. प्रॉमिस." देव्हाऱ्यापुढं उभी होते, हातात ताम्हण.

१७ मार्च, शुक्र.

उद्या सकाळी चक्की, म्हणून दुपारी मिरच्या भाजल्या. हॉ.ची गाडी खाली नव्हती, बघून आले होते. गेले असतील हॉलवर.

संध्या. कुरुम. साहेब काळ्या कोटात, केस चापून. पहिली दोन गाणी काय गायले. शब्द कळत नव्हते तरी वाटत होतं की हा कुणाला तरी थांब म्हणतोय. तिसऱ्यात वर जाताना आवाज फाटला. खोकला. पाणी प्यायले. परत सुरू केलं, परत त्याच जागी. पियानोवरची फिलिपिनो बाई थांबली. त्यांनी तिला मानेनं खूण केली की नको. लोकांकडं बघून म्हणाले, "आय ॲम सो सॉरी." आणि आत गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ते फार वाईट वाटलं.

बाकी उद्या.

१८ मार्च, शनि.

चक्कीवरून आले. चटणी छान लाल झाली. बरण्या भरल्या, चिठ्ठ्या लावल्या.

काल लिहिलं त्यात खोटं नाही, पण अर्धंच लिहिलं. वहीत तरी नीट लिहावं.

गाडी नव्हती, कारण ती फिलिपिनो बाई घेऊन गेली होती, सामान न्यायला. हॉ. घरातच होते. हे मला नंतर कळलं असं म्हणता येणार नाही. अडीच किलो भाजून झाल्या होत्या, तेव्हा डक्टमधून खोकला आला. एकदा. मग लागोपाठ. त्यांचाच. मी गॅस बंद केला. पाटीत बघितलं, अर्धा किलो उरल्या होत्या. पाच-सात मिनिटं तशीच उभी होते. मग मनात आलं, धूर व्हायचा तो झालाच आहे, एवढ्याशासाठी पुढचा शनि. कशाला, तोवर बुरशी धरेल. परत पेटवला.

एक्झॉस्ट मीच लावला होता, आमच्या घरात ठसका नको म्हणून. तो धूर डक्टमध्ये सोडतो. आठ वर्षं राहतेय इथं, मला माहीत नाही का.

नंतर त्यांच्या खिडकीची काच ओढल्याचा आवाज आला.

२० मार्च, सोम.

आज सकाळी डक्ट गप्प. उदबत्ती कधी लावायची ते कळेना.

अकराला हॉ. आले. दाढी वाढलेली. मी चहा टाकला, घेतला नाही. म्हणाले, तुम्ही शब्द पाळलात, थँक यू. त्या दुपारी खालून कुठून तरी, बहुतेक कॉफीशॉपमधून, धूर आला. पण त्याचं काही नाही. आवाज वयानं गेला. दोन गाणी गायलो तेवढी त्याची मेहेरबानी.

हे सगळं अगदी सावकाश बोलले, मला समजावं म्हणून. मी ओट्यापाशी उभी. माझ्या पाठीमागं फडताळात बरण्या. तेव्हाच बोलायचं होतं. "यस, यस," म्हटलं.

२१ मार्च, मंगळ.

यांना सांगितलं.

"गप्प बस. सत्तरीचा माणूस आहे तो. मिरचीनं काय होतंय?"

"मग शुक्रवारपर्यंत नको का म्हणाले होते?"

"गायकांचे चोचले असतात. आणि आता सांगून काय, आवाज परत येणारे? खलास झालं ते."

एवढं बोलून जेवताना म्हणाले, "चटणी मात्र यंदा झकास." मी माझ्या ताटातली कडेला सारली.

२४ मार्च, शुक्र. पापमोचनी एकादशी.

निर्जळी केली. अकरा माळा जप. दुपारी यांनी महादेवाच्या देवळात नेलं, तिथंही बसले. पुजारी प्रसाद देताना म्हणाले, "आज का व्रत सब धो देता है, बहनजी."

घरी आले तर हॉ. जिन्यात रिकामी खोकी चढवत होते. एकेक पायरी थांबून. एक खोकं मी उचललं. देवाला काय, अकरा माळा पोचल्या असतील. मिरच्या देवाच्या खिडकीत भाजल्या नव्हत्या.

२८ मार्च, मंगळ. पाडवा.

बाल्कनीत लहानशी गुढी. श्रीखंड घेऊन समोर गेले. भिंती रिकाम्या. ९ एप्रिलचं तिकीट काढलंय. पियानो बरका गावातल्या एका शाळेनं घेतला, ६ तारखेला नेणार.

मृणूला एक फोटो दिला. हॉ. मखमली कोटात, केस कुरळे, एक हात पुढं केलेला, समोर कुणी दिसत नाही. मागं जर्मन भाषेत शहराचं नाव. मृणू म्हणाली, "अंकल, यू लुक लाइक अ हीरो." म्हणाले, "शेवटच्या अंकात मेलो. बहुतेक वेळा मरायचोच."

श्रीखंड अर्धी वाटी खाल्लं. आता दही-साखर काहीही खातात, गळ्याला चालतं की नाही बघत नाहीत.

२ एप्रिल, रवि.

मृणू भाकरीबरोबर चटणी घ्यायला फडताळाशी गेली. बराच वेळ आली नाही. माझी खोड, प्रत्येक बरणीवर भाजल्याची तारीख.

"आई, सेव्हन्टीन्थ?"

मी भाकरीचं पीठ मळत होते.

"दॅट वॉज द फ्रायडे. तू प्रॉमिस केलं होतंस. मी ट्रान्सलेट केलं होतं."

सगळं सांगितलं. अर्ध्या किलोचंही. ओरडेल वाटलं होतं. तिनं बरणी जागेवर ठेवली, चिठ्ठी भिंतीकडं फिरवून. मग म्हणाली, "ते जातायत ना, ते बिकॉज ऑफ आवाज गेला असं वाटून जातायत. तू सांग त्यांना."

"तू चल बरोबर. मला इंग्रजी…"

"नाही. ह्या वेळी मी ट्रान्सलेट करणार नाही. तू बोल."

तेरा वर्षांची. भाकरी कोरडी खाऊन गेली.

४ एप्रिल, मंगळ.

दोनदा दारापर्यंत गेले. एकदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा नव्हते, तरी परत आले.

सांगून चांगलं होईल का? आवाज खरंच वयानं गेला असला तर मी म्हाताऱ्याला उगाच आशेला लावणार. आणि मिरचीनं गेला असला तर… मृ. दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलते.

५ एप्रिल, बुध.

सांगितलं.

हॉ. जेवायला आलेच नव्हते, डबा घेऊन मी गेले. मृणू आमच्या दारात उभी राहिली, आत आली नाही. वाक्यं पाठ केली होती, ती सगळी गेली. "सर, फ्रायडे. कॉफीशॉप नो. मी. आय रोस्ट चिली. थ्री किलो. यू कॉफ, आय हिअर. आय स्टॉप. देन अगेन आय रोस्ट."

डबा हातातच होता. ते खाली बसले, खोक्यावर.

"व्हॉट टाइम?"

"हाफ पास्ट टू."

त्यांनी डोळे मिटले. बोटांवर काही मोजल्यासारखं केलं. मग बोलायला लागले, भराभर, पहिल्यांदाच मला कळेल की नाही न बघता. चिडले होते का, तेही नीट कळेना, आवाज चढला नाही. मग उठून दार लावलं, हळू. डबा घेतला नाही.

मृणूला ऐकू गेलं होतं. विचारलं तर म्हणाली, "ते म्हणाले, मी अठरा दिवस रोज स्वतःला सांगतोय की आवाज गेला. रोज थोडं थोडं. काल रात्री पहिल्यांदा मला ते पटलं, झोप लागली. आणि आज तुम्ही येऊन हे सांगता." थोड्या वेळानं म्हणाली, "आई, मे बी आपण नव्हतं सांगायला पाहिजे."

आपण म्हणाली. रडूच आलं.

संध्या. पूजा केली. काही मागितलं नाही.

६ एप्रिल, गुरु.

सकाळी ९ ला पिकअप आली, पियानो न्यायला. तीन पठाण, पट्टे, जुनी गोधडी. हॉ.नी दार उघडलं आणि "टेन मिनिट्स" म्हणून परत लावलं.

१० ला मुकादम आमच्याकडं. "अम्मा, बाबा क्या बोलता है? ले जाना है कि नहीं? स्कूलवाला फोन करता है मेरे को."

"पता नहीं भाई. बैठो."

"आप पूछो ना."

"मैं नहीं पूछ सकती."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही. पायऱ्यांवर जाऊन बसले तिघंही.

आता पावणेअकरा. आतून काही आवाज नाही. गाण्याचा नाही, सामान हलवल्याचा नाही. ह्यांचा फोन आला, "गेला का पियानो?" म्हटलं, अजून नाही. "म्हणजे राहतोय का म्हातारा?" म्हटलं, ते त्यांना ठरवू दे.

पठाणांना चहा दिला. एक कप समोरच्या दारात ठेवून आले, बेल वाजवली नाही. आत घेतलाय का, ते बघायला अजून उठले नाही.