विहिरीची वेलांटी

शनिवार संध्याकाळ, रत्नागिरी

बोर्ड मेला. बाबांनी मारला, ब्लेडने.

टाकी भरली की विहिरीवरचा पंप आपोआप बंद व्हावा म्हणून मी आयुष्यातला पहिला सर्किट बोर्ड स्वतः आखला. पंपाला हुकूम देणारी मायक्रोकंट्रोलरची चिप कुठे बसवायची, कुठली रेघ कुठून न्यायची, सगळं व्हिडिओ बघत शिकले. वर हौसेने 'विहीर' असं नाव छापायला दिलं. सॉफ्टवेअरला मराठी झेपलं नाही, 'वि'ची वेलांटी 'ह'च्या डोक्यावर जाऊन बसली. पण काल बोर्ड चालला. पंप आपला आपण बंद झाला.

बाबा मराठीचे मास्तर होते, अजून आहेतच. त्यांना बंद झालेला पंप दिसला नाही, वेलांटी दिसली. "शुद्ध तरी लिही गो," म्हणाले.

आज मी कामावरून आले तर त्यांनी ती वेलांटी खरवडून पेनने बरोबर जागी काढून ठेवलेली. खरवडताना खालची वीज नेणारी तांब्याची रेघ तुटली. सांगितलं तर म्हणतात, "एवढ्याशा रेघेने काय होतंय?" एका वेलांटीसाठी ब्लेड घेणारा माणूस मला हे विचारतो.

नाव मराठीत कशाला घातलं मी? त्यांना आवडेल म्हणूनच ना? त्याचीच जास्त चीड येते.

तार लावून रेघ जोडता येईल, तेवढं येतं मला. आज नाही जोडणार. टाकी भरून वाहतेय आणि बाबा पंप बंद कर म्हणून खालून हाका मारतायत. वेलांटी बरोबर आहे ना आता? तिला सांगा.