तुझ्या जावयाची बॅटरी

ती. ताईस,

तुझ्या एकुलत्या एका, डिझेलचा वास येणाऱ्या भावाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला का, की अजून पाहुण्यांना दारातूनच परतवतो आहे? आम्ही इकडे मजेत आहोत. (नाही आहोत. पण पत्राची सुरुवात रडगाण्याने करू नये असं तूच शिकवलंस, म्हणून चार ओळी दम धरला.)

तर तुझे जावई. लेक कोणाला द्यायची हा तुझा प्रश्न होता; पण मुलगा ‘विजेचं काहीतरी करतो’ एवढंच तू मला सांगितलं होतंस. तो मामेसासऱ्याच्या पोटावर पाय देणारं काहीतरी करतो, हे मला थेट शूटिंगच्या जागी कळलं. आमच्या सिनेमा कंपनीने यंदा ठरवलं की, निसर्गाला त्रास न देता सिनेमा काढायचा. प्लास्टिकच्या बाटल्या जाऊन स्टीलचे पेले आले. गेल्या सिनेमातल्या भिंती नवा रंग लावून या सिनेमात उभ्या राहिल्या. ताटात अन्न टाकणाऱ्याकडे सगळे वळून बघू लागले. इथवर माझी काही तक्रार नव्हती. (दुसऱ्यांच्या सवयी बदलायच्या असतील तर मी पहिल्यापासून निसर्गप्रेमीच आहे.) मग एका सकाळी जावईबापू कपाटाएवढी पांढरी बॅटरी ढकलत फाटकातून आत आले, आणि मला निरोप मिळाला की जनरेटर बंद ठेवा, अडीअडचणीला लागला तर सांगू.

तुला ठाऊक आहे, जन्मभर मी आणि माझा जनरेटर रस्त्याच्या टोकाला उभे राहिलो. आवाज होतो म्हणून. मोठमोठे नट माझ्या विजेवर रडले, हसले, मेले. मी एकालाही बघितलं नाही. माझ्याकडून निघालेली केबल तेवढी आत जायची. आणि ही कालची बॅटरी थेट दिवाणखान्यात, नटीच्या खुर्चीशेजारी! अंगणात शूटिंग असलं की तिला ऊन लागू नये म्हणून वर छत्री. ताई, मला इतक्या वर्षांत कोणी छत्री धरली नाही. आवाज टिपणारे आमचे ध्वनिमुद्रक माझ्याशी कधी धड बोलले नाहीत, ते येता-जाता तिच्या पाठीवरून हात फिरवतात. सरळ सांगतो, मी जळलो. जेवण जाईना. बरं, शिव्या द्याव्यात तर समोर घरचा जावई, म्हणजे मनातल्या मनातसुद्धा ‘अहो’ म्हणूनच सुरुवात करावी लागते. त्यात ते रोज माझ्याकडे येऊन विचारणार, “मामा, चहा घेतलात का?” चहा घेतला होता. तरी नाही म्हणायचो, म्हणजे त्यांना आणायला जावं लागेल.

मग मी परोपकार सुरू केला. कपडेपटवाल्याची इस्त्री दूरच्या खोलीत होती, बिचाऱ्याची पायपीट. त्याला माझा एक्स्टेंशन बोर्ड दिला आणि पडद्यामागून बॅटरीला जोडून दिला. मेकअपवालीचं केस वाळवायचं यंत्रही तिथेच लावलं. चहाची किटली लावली. सगळ्यांनी मला दुवा दिला. (इस्त्री किती वीज पिते हे मला माहीत नव्हतं असं मी कोणालाही सांगेन, तुला सांगणार नाही.)

व्हायचं तेच झालं. आई आजारी मुलाच्या कानात काहीतरी पुटपुटते असा नाजूक प्रसंग चालू होता, आणि दिवे गेले. दिग्दर्शक ओरडले, “जनरेटर!” ताई, या एका हाकेसाठी मी जगत होतो. केबल अंथरलेली नव्हती म्हणून गाडी थेट फाटकापाशी आणली. सगळं युनिट व्हरांड्यात उभं. मी शर्टाची बाही सरसावली, किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. तेही नाही. मग आठवलं की, जनरेटर चालू करायला त्याची स्वतःची एक बॅटरी लागते, आणि इतके दिवस रागाने मी गाडीतल्या जनरेटरचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. ती बॅटरी पार बसली होती.

आणि जावईबापू आले. त्यांच्या बॅटरीत दिवे पेलण्याइतका जीव नव्हता. पण माझ्या जनरेटरला जागं करण्याइतका होता. त्यांनी तिच्यावर चार्जर लावला, वायरी जोडल्या, आणि अख्खं युनिट बघत असताना माझा म्हातारा तिच्या दुधावर उठून बसला. उठला तो काळा धूर ओकत. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. आईची पुटपुट कोणालाच ऐकू येईना, आणि त्या दिवसाचं काम गुंडाळलं.

खरा घाव पुढेच आहे. जावयांना माझा बोर्ड सापडला होता. त्यावर माझी लाल पट्टी आहे, म्हणजे चोर शोधायला लांब जायला नको. त्यांनी तो गुपचूप गुंडाळून माझ्या सीटखाली ठेवला आणि दिग्दर्शकांना सांगितलं, “चार्जिंग करताना माझीच चूक झाली.” दिग्दर्शकांनी त्यांना सगळ्यांदेखत फाडून खाल्लं. ते मान खाली घालून उभे. निकाल असा की, सोमवारपासून बॅटरी परत जाणार आणि माझा जनरेटर कायमचा चालू. म्हणजे मी जिंकलो. तुला आनंदाची बातमी कळवावी म्हणून हे पत्र. भाचीला आशीर्वाद, भाऊजींना नमस्कार.

तुझा विजयी भाऊ

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं. दरम्यान मी दिग्दर्शकांकडे जाऊन खरं काय ते सांगून आलो. पश्चात्ताप वगैरे समजू नकोस. बॅटरी त्यांची, छत्री त्यांची, कौतुक त्यांचं. निदान चूक तरी माझी होती, तीसुद्धा त्यांनीच घ्यावी? मला सहन होईना. मला काढलं. बॅटरी राहिली.

ता. क. २. जावईबापू काल घरी आले होते. “माझ्याकडे कामाला या,” म्हणाले. मी स्पष्ट नाही म्हटलं. तुझी वहिनी आतून हो म्हणाली.

ता. क. ३. मी आता बॅटरीशेजारी खुर्ची टाकून बसतो. कपडेपटवाला इस्त्री घेऊन आला, त्याला हाकललं. ध्वनिमुद्रकांना सांगितलं, लांबून बघा, हात लावू नका. आता मुख्य काम. जावयांना मी बोलू शकत नाही, तू सासू आहेस, तू बोल. ते सारखे येऊन तिची बटणं दाबतात. मालक असतील, पण दाबण्याआधी मला विचारावं, एवढं त्यांना कडक शब्दांत कळव.