हर्षितचं वाजवणं

पाम,
मंगळवार

प्रिय रुचिता,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. रविवारी बोईसरला तुमचा कार्यक्रम झाला, त्याला मी आलो होतो. अगदी मागे, खांबाशेजारी बसलो. तुला कळवलं नाही. व्हायोलिनपायी तू नोकरी सोडलीस तेव्हा मी काय काय बोललो, ते तू विसरली नसशील.

काय तो थाट. एक पियानो, चार तारवाद्यं, दीडशे वर्षांपूर्वीच्या जर्मन रचना, आणि त्याआधी चाळीस मिनिटं सत्कार. हॉल कारखान्याचा, कारखाना पियानो वाजवणाऱ्या हर्षितच्या वडिलांचा, पियानोही त्यांचाच. मग शालही त्यांनाच. पहिल्या रचनेचा पहिला भाग संपताच, सगळं संपलं समजून पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या आणि उठून बटाटेवड्याच्या वासाकडे निघाले. त्यांना हाताला धरून परत बसवावं लागलं. शेजारच्या साहेबांनी मला विचारलं, "काका, तुम्हाला यातलं काही समजतं का?" मी म्हटलं, "नाय बा. तुमी सांगा." त्यांनाही सांगता येईना.

मला समजतं, रुचिता. बावीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलंय मी. कोण चुकतो आणि कोण सावरून घेतो, हे माझ्या कानाला लगेच कळतं. दुसऱ्या रचनेच्या शेवटी, जलद भागात, पियानोवर हर्षित दोन ओळी गाळून पुढे पळाला. बाकीचे तिघे गांगरले. तू मान वर केलीस, व्हायोलिनवर बो जोरात ओढलास आणि तिघांनाही तो होता तिथे नेऊन पोचवलंस. हॉलमध्ये कुणाला पत्ताही लागला नाही. तो उठला, एकटाच पुढे येऊन वाकला, पुष्पगुच्छ घेतला. मंचावरून उतरून माझ्या खांबापलीकडून जाताना तुला म्हणाला, "तू घाई केलीस." आणि तू त्याची माफी मागितलीस. असल्या माणसाच्या हातात आमच्या बँडने झांजासुद्धा दिल्या नसत्या.

तुझी आणि हर्षितची लग्नपत्रिका कार्यक्रमाआधी चार दिवस आली होती. कोपऱ्यात तू पेनने लिहिलं होतंस, 'बाबा, याल का?' म्हणूनच रविवारी आलो होतो, जावई बघायला. बघितला. तरी लग्नाला येईन. एकदा तुला अडवून सहा वर्षं अबोल्यात घालवली, आता अडवणार नाही. अक्षता टाकीन, व्याह्यांनी दिली तर शालही घेईन. हे पत्र फक्त एवढ्यासाठी, की रविवारची ती चूक तुझी नव्हती. तुला कुणी काही सांगो. मी ऐकत होतो.

तुझाच,
बाबा