नीली, अस्मानी, सबजी

कोकचा नदीकाठ, बदख्शान
१२ मीज़ान, बुधवार

प्रिय वदूद लाला,

सलाम. आम्ही सगळे बरे आहोत. जर्दाळू वाळवून झाले, गाय व्याली, नदीनं पूल पुन्हा नेला. एकोणीस वर्षांनी भावाचं अक्षर पाहिलं.

तुझ्या लेकीला शाळेत शब्दाचं मूळ शोधायला सांगितलंय म्हणतोस. इंग्रज निळ्या आभाळाला अ‍ॅझ्युर म्हणतात, तो आपलाच लाजवर्द, परक्यांच्या तोंडी पहिला 'ल' गळालेला. तिला सांग, खरं आहे. आधी ते जागेचं नाव होतं, मग तिथल्या दगडाचं, मग रंगाचं. आणि आपल्या खाणीत त्या रंगाचे तीन दर्जे. सगळ्यांत गडद तो नीली, त्याखाली अस्मानी. हिरवट तो सबजी, त्याला कुत्रं विचारत नाही.

आता पुढचं लेकीला वाचून दाखवू नकोस.

माझा नवरा मला सबजी म्हणायचा. "तुझ्या बापानं नीली म्हणून गळ्यात मारली," म्हणायचा शेरबाज, आणि मारायचा. सकाळी सासू माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवायची. "आज अस्मानी आहे गं. परवापर्यंत नीली होईल, मग भाव येईल." जावा हसायच्या. मीही हसायचे. तुला मी गच्चीवरून पडले म्हणून सांगायचे. तू मानायचास, किंवा तसं दाखवायचास. त्याचा राग नाही. थोडा आहे.

सुरुंगाची वात ज्याची त्यानं घरून न्यायची, बायकोनं वळलेली. दुसऱ्याच्या घरच्या वातीवर कोणी जीव टाकत नाही. दोन हात लांब, म्हणजे पेटवणारा सावकाश चालत बाहेर येतो. ज्या स्फोटात शेरबाज गेला, त्याच्या आदल्या दिवशी त्यानं माझा दात पाडला. मग पोटात लाथ घातली. तिसरा महिना होता. ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

रक्त धुतलं आणि मी वात वळायला बसले. आत दुप्पट दारू भरली, म्हणजे निम्म्या वेळात जळावी. बाहेरून दोन हातच दिसत होती.

पेटवणारा नेहमी तोच असायचा, लाला. पण माझ्या दातावर त्याची मूठ फुटून सुजली होती, म्हणून त्यानं काडी तुझ्या हातात दिली. हे मला कधी कळलं? तू रक्ताळल्या कानांनी माझ्या दारात उभा राहिलास तेव्हा. "मी हाक दिली होती, मस्तूरा," एवढंच म्हणत होतास. "तो हत्यारं गोळा करत बसला. म्हणाला, हो पुढं, घरची वात आहे, घाई कसली."

मी तुझ्या कानांना फडकं बांधून दिलं.

संध्याकाळी माझा दीर कलंदर, तू हाक न देताच काडी लावलीस म्हणत, तुला मारायला निघाला. तू डोंगर ओलांडला होतास, म्हणून त्यानं बाबांना अंगणात ओढलं. बंदुकीच्या दस्त्यानं दोन्ही हात मोडले, मग गोळी घातली. मी धावत कुंपणापर्यंत पोचले होते. तोंड उघडलं असतं तर बाबा वाचले असते. नाही उघडलं. तेव्हापासून त्याच कलंदरच्या घरात भाकऱ्या भाजतेय.

तू विचारतोस, हाक द्यायला उशीर झाला का. नाही झाला. हाक वेळेवर होती.

तुझं पाकीट टपाल येतं त्या दुकानात आधी कलंदरच्या हाती पडलं. तुझ्या गावाचं नाव त्यानं उतरवून घेतलं. त्याचा थोरला काल तिकडे यायला निघाला. मला म्हणाला, "काकी, तुमचा भाऊ तिकडे जाडजूड झाला असेल. ओळखू येईल ना?" मी त्याला वाटेसाठी रोट्या बांधून दिल्या.

तो अजून आपल्या इथल्या फैजाबादेत आहे. कलंदरचा एक फोन गेला तर परत फिरेल.

परवा शुक्रवारी नमाजानंतर जाणती माणसं मशिदीच्या ओट्यावर बसतील. मी तिथं उभी राहून सांगणार आहे, वात कुणी भरली आणि कशी. कलंदर काय करेल ते मला ठाऊक आहे, त्याचा हात मी पाहिलाय. पण मग तुझ्यामागे माणूस धाडायला त्याच्यापाशी कारण उरणार नाही.

हे पत्र पोचेल तेव्हा तो शुक्रवार कधीच होऊन गेला असेल. तरीही तो पोरगा तुझ्या दारात आला, तर समज, त्यांनी बाईच्या बोलण्यावर विश्वास ठेवला नाही. दार उघडू नकोस.

बाबांच्या कबरीशेजारची जागा मागून घेईन. देतील असं नाही.

एकोणीस वर्षं तुझ्या नावामागे लपलेली,
मस्तूरा